गोणीच्या गोळ्या

माझ्या थोरल्या नणंदेची सगळी नोकरी उभ्याने झाली. त्या बसमध्ये कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन आमच्याकडे राहायला आल्या तेव्हा मी हॉलमधली खिडकीजवळची मोठी खुर्ची त्यांच्यासाठी झाडूनपुसून ठेवली होती. पण पहिले कितीतरी दिवस त्या तिला नुसत्या टेकून उभ्या राहायच्या. एक हात खुर्चीच्या पाठीवर, पाय जरा फाकलेले, जणू आमचा हॉल आता वळण घेणार आहे.

मी त्यांना ताई म्हणते, माझी मुलगी आत्या म्हणते आणि बाकी सगळी इमारत कंडक्टरबाई म्हणते. हे नाव कुणी चेष्टेने ठेवलेलं नाही. लिफ्टमध्ये गर्दी झाली की ताई सवयीने "आत सरका, आत जागा आहे" म्हणतात आणि लोक खरोखर आत सरकतात. माझ्या नवऱ्याने एकदा दुसऱ्याच्या जागेवर गाडी लावली होती, तर ताईंनी आपल्या धाकट्या भावाला खिडकीतून असं खडसावलं की तो चपला न घालताच खाली धावला. नियम म्हणजे नियम. एकाला फुकट नेलं की मग अख्ख्या बसला काही ना काही अडचण असते, असं त्यांचं म्हणणं.

आणखी एका गोष्टीचा त्यांना फार अभिमान होता. ड्यूटीवर त्या पाणी प्यायच्या नाहीत. निघताना अर्धा कप चहा, त्यानंतर घरी परतेपर्यंत घोटभरसुद्धा नाही. शेवटच्या थांब्यावर बायकांची सोय नव्हती आणि जी होती तिच्या दाराला कडी नव्हती. नव्याने लागलेल्या मुली रडकुंडीला यायच्या, तर ताई त्यांना सांगायच्या, सवय कर, सगळं सवयीवर असतं. मी लग्न होऊन आले तेव्हा हे ऐकून मला कौतुक वाटलं होतं. आपल्याच्याने हे झालं नसतं बाई, असं मी म्हटल्याचंही आठवतं.

कुत्र्यांचा नाद त्यांना डेपोतच लागला. उभ्या बसखाली सावली असते, इंजिनाची ऊब असते, म्हणून कुत्र्या तिथे व्यायच्या. सकाळी बस निघायच्या आधी ताई वाकून सगळ्या चाकांच्या मागेपुढे बघायच्या आणि मगच डबल बेल द्यायच्या. डबल बेल म्हणजे ड्रायव्हरला निघायची खूण. एकदा बसला आधीच उशीर झाला होता, वाकायचं राहिलं, आणि त्यांनी बेल दिली. हे मला त्यांनी कधी सांगितलेलं नाही, नवऱ्याने सांगितलं. त्या दिवशी त्या घरी आल्या, साबणाने हात धुतले, पुन्हा धुतले, आणि जेवल्या नाहीत. त्यानंतर डेपोतल्या कुत्र्या एकेक करून ऑपरेशनला न्यायला त्यांनी सुरुवात केली. सुट्टीच्या दिवशी, पोत्यात नाहीतर जुन्या चादरीत गुंडाळून, ओरखडे सोसत. पुढे डेपोमागचं एक बंद पडलेलं गॅरेज मिळालं, आणखी काही माणसं जोडली गेली, आणि बेवारशी पिल्लं सांभाळून चांगल्या घरी द्यायचं काम तिथे सुरू झालं.

तिथला मुख्य नियम ताईंनी घालून दिलेला. नर असो की मादी, ऑपरेशन झाल्याशिवाय पिल्लू कुणाच्याही घरी जाणार नाही. कितीही लहान असलं तरी. पिल्लू नेणारा माणूस तोंडभरून वचन देतो, मोठी झाली की नक्की करून घेऊ, आणि पुढच्या वर्षी त्याच माणसाकडून खोकं भरून पिल्लं परत येतात. ताईंनी हे इतक्या वेळा पाहिलं होतं की त्यांच्यापाशी वचनाला किंमत उरली नव्हती. तिकीट आधी, प्रवास मग.

गेल्या वर्षापासून या नियमाला विरोध व्हायला लागला. विरोध करणारे काही कुत्र्यांचे वैरी नव्हते. त्यात सगळ्यात पुढे होते आमच्या कोपऱ्यावरचे चष्मेवाले. त्यांनी गॅरेजमधूनच एक मोठ्या हाडापेराचं पिल्लू नेलं होतं. नियमाप्रमाणे त्याचं ऑपरेशन दुधाचे दात पडायच्या आत झालं होतं, आणि ते वाढून वासराएवढं झालं तेव्हा मागच्या दोन्ही गुडघ्यांनी अधू झालं. चष्मेवाल्यांनी त्यावर वाचलं, डॉक्टरांना विचारलं. मोठ्या कुत्र्यांची हाडं भरायला वर्ष-दीड वर्ष लागतं, त्याआधीच ऑपरेशन केलं तर सांधे कच्चे राहू शकतात, काही माद्यांना पुढे लघवी धरवत नाही, असं त्यांचं म्हणणं होतं. लहान चणीच्या कुत्र्यांचं खुशाल लवकर करा, मोठ्यांना वाढू द्या, एवढीच त्यांची मागणी.

"ताई, नंबर बदलला की काच बदलावी लागते," ते म्हणायचे. "तुम्ही अजून जुन्याच चष्म्यातून बघताय."

"आणि दीड वर्ष तुमच्या त्या मोठ्या कुत्रीवर लक्ष कोण ठेवणार?" ताई विचारायच्या. "तुमचा चष्मा?"

मला दोघांचंही पटायचं. शेवटी जो बोलेल त्याचं जरा जास्त.

गोणी त्याच गॅरेजमधली. पिल्लू असताना भरल्या गोणीसारखी कुठेही पसरायची, म्हणून मुलीने हे नाव ठेवलं. मी तिला घरात घ्यायला तयार नव्हते. मुलीची छाती लहानपणापासून नाजूक आहे. हवा जरा बदलली की मी तिच्या दाराशी उभी राहून श्वास ऐकत असते. ती आता सातवीत आहे आणि तिला याचा राग येतो, पण पाय आपोआप तिकडे वळतात. कुत्र्याचे केस, किडे, जंतू, माझ्याकडे कारणांची काही कमी नव्हती. ताई म्हणाल्या, काही झालं तर मी आहे. त्यांच्या शब्दावर गोणी घरात आली. तिचंही ऑपरेशन, ती मांडीवर मावत होती तेव्हाच, नियमाप्रमाणे झालेलं होतं. नंतर ती मांडीवरच काय, दिवाणावरसुद्धा मावेनाशी झाली, पण तिला कधी साधी शिंक आली नाही. मुलीचा दमाही तिच्यामुळे वाढला नाही, हे मला कबूल करावं लागलं.

दुपारी ताई दिवाणावर आडव्या व्हायच्या आणि गोणी त्यांच्या पोटाशी. या वर्षीच्या सुरुवातीला एकदा मी ऑफिसातून लवकर आले, तर ताई घाईघाईने दिवाणावरची चादर काढत होत्या. खाली गादीवर ताटाएवढा ओला डाग होता. मी म्हटलं, गोणीने केलं वाटतं.

ताईंनी चादरीचा बोळा छातीशी धरला. गोणीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "वय झालं की होतं असं."

गोणीचं कुठे वय झालंय, मी म्हटलं, अजून पोरवयात आहे ती. मी गादी उचलून गच्चीत नेली.

मग डाग वरचेवर दिसायला लागले. कधी दिवाणावर, कधी खिडकीजवळच्या खुर्चीत. ताई खुर्चीतून उठल्या की गोणी लगेच त्या उबेवर जाऊन बसायची, त्यामुळे शंका घ्यायला जागाच नव्हती. माझ्या डोक्यात किडा शिरला. हॉलमध्ये वास येतोय, तिथेच मुलगी अभ्यासाला बसते, तिच्या छातीत काही गेलं तर? मी गोणीला बाल्कनीत काढलं. मुलीने आकांडतांडव केलं. गोणी दाराच्या फटीला नाक लावून बसायची आणि आत कुणी हललं की शेपटी एकदा आपटायची. मी घरी नसले की ताई तिला आत घ्यायच्या. उन्हात बिचारीचे हाल होतात, म्हणायच्या. मला वाटायचं, यांचा जीव आहे तिच्यावर. जीव होताच. पण आत घ्यायला आणखीही एक कारण होतं, ते मला फार उशिरा कळलं.

मुलीने एक दिवस बाल्कनीतलं गोणीचं अंथरूण माझ्या हातात आणून दिलं. म्हणाली, बघ, कोरडंठाक आहे, रोज कोरडंच असतं. मी म्हटलं, वाऱ्याने वाळतं. मी तिच्याकडे नीट बघितलंसुद्धा नाही, भाजी करपत होती.

आणि एकदा मी समोरच होते. खुर्ची ओली, गोणी खुर्चीपाशी, माझा आवाज चढलेला. ताईंनी गोणीकडे बोट केलं. "काय गं हे? लाज नाही वाटत?" गोणीने कान पाडले, पोट जमिनीला घासत मागे सरकली आणि भिंतीकडे तोंड करून बसली. ताईंचं ते बोट बराच वेळ तसंच राहिलं. मुलगी आतून हे बघत होती.

तेव्हाच मी त्यांना स्पष्ट सांगितलं. डॉक्टरांना दाखवू, औषध करू, पण थांबलं नाही तर गोणी गॅरेजमध्ये परत जाईल. परत म्हणजे कायमची. एवढ्या थोराड कुत्रीला नवं घर मिळत नाही, हे मलाही माहीत होतं आणि त्यांनाही. ताई हो म्हणाल्या.

प्राण्यांचे डॉक्टर गॅरेजमधलेच, गोणीचं ऑपरेशन त्यांनीच केलेलं. मुलीने कसरत करून मिळवलेला लघवीचा नमुना त्यांनी तपासला, त्यात काही दोष निघाला नाही. मग ते जरा अवघडून म्हणाले की लवकर ऑपरेशन झालेल्या मोठ्या माद्यांमध्ये असं दिसतं कधी कधी, स्नायू ढिला पडतो. स्नायू आवळून धरणाऱ्या गोळ्या दिल्या, सकाळ-संध्याकाळ. ताई एरवी त्यांच्याशी हुज्जत घालायच्या. त्या दिवशी नुसतं विचारत राहिल्या, ही गोळी नक्की काय करते, किती लवकर करते, आणि सगळ्यांना लागू पडते का. डॉक्टर म्हणाले, बहुतेकींना पडते.

गोळ्या द्यायचं काम ताईंनी स्वतःकडे घेतलं. आठवड्याभरात डाग थांबले.

मला इतका आनंद झाला की मी तो गावभर केला. चष्म्याची दांडी सैल झाली होती म्हणून कोपऱ्यावर गेले, तिथेही सांगितलं. चष्मेवाल्यांनी हातातला बारीक पेचकस खाली ठेवला. म्हणजे ऑपरेशन लवकर झालं म्हणून त्रास, आणि स्नायूची गोळी दिल्यावर तो थांबला, असंच ना, त्यांनी विचारलं. मी जीभ चावली, पण बोलून बसले होते. त्यांच्या चेहऱ्यावर काही जिंकल्याचा भाव नव्हता. गॅरेजच्या त्या महिन्याच्या बैठकीत नियमावर मत घ्यायचं ठरलं होतं, तिथे गोणीचं उदाहरण देऊ का, असं त्यांनी स्वतः घरी येऊन ताईंना विचारलं. मला वाटलं ताई त्यांना जिना दाखवतील. ताई म्हणाल्या, "सांगा."

बैठकीच्या दोन दिवस आधी सकाळी ताई ओट्याशी भाजी चिरत होत्या. सुरी ठेवली आणि भिंतीला धरून खाली बसल्या. चेहरा घामाने डबडबलेला, डोकं फुटतंय म्हणाल्या, छातीत नुसतं धडधडतंय. नवरा कामासाठी बाहेरगावी. शाळेला सुट्टी होती म्हणून मुलगी घरात. तिने टॅक्सी थांबवली आणि आम्ही तिघी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो.

रक्तदाब इतका चढला होता की डॉक्टरांनी पट्टा काढून दुसऱ्या हाताला लावून पुन्हा बघितलं. रोजची गोळी घेतली का? घेतली. दुसरं काही नवीन? सर्दीखोकल्याचं, कुणी सांगितलेलं, कुणाचं उरलेलं? ताई म्हणाल्या, नाही. डॉक्टरांनी हातातला कागद बाजूला सारला. म्हणाले, मावशी, मला कळलं नाही तर मी भलतंच काहीतरी देऊन बसेन.

ताईंनी माझ्या मुलीकडे पाहिलं. "तू बाहेर बस जरा, बाळा."

मुलगी जाईना. मी डोळे मोठे केले तेव्हा गेली. तपासणीच्या खोलीला दार नव्हतं, पडदा होता. ताई त्या पडद्याकडेच बघत होत्या.

"गोणीच्या गोळ्या," त्या म्हणाल्या.

"गोणी कोण?" डॉक्टरांनी विचारलं.

"आमची कुत्री," मी म्हटलं. माझ्या अजूनही काही डोक्यात शिरलं नव्हतं. मला वाटलं चुकून घेतल्या असतील, डब्या शेजारी शेजारी ठेवल्यामुळे.

"तिला काही झालेलं नाही," ताई म्हणाल्या. "ते माझं होतं."

डॉक्टर रागावले नाहीत. पेन बंद केलं, उघडलं. गोळ्या आजपासून बंद, म्हणाले, अशा वयात आणि असा रक्तदाब असताना त्या जिवावर बेतल्या असत्या. ताईंना संध्याकाळपर्यंत तिथेच झोपवून ठेवलं. कधीपासून होतंय, या प्रश्नावर ताईंनी सांगितलं की नोकरीत होते तेव्हापासून थोडं थोडं, आता धरवत नाही. डॉक्टर म्हणाले, यावर उपाय असतात, बायकांच्या डॉक्टरांकडे जा, इतकी वर्षं कुणाला विचारलं का नाहीत?

"काय विचारणार?" ताई म्हणाल्या.

मी त्यांच्या उशाशी स्टुलावर बसून होते. मला शिंक येणार असं वाटलं आणि मी पाय आवळून घेतले. मुलगी झाली तेव्हापासून मी असेच पाय आवळते. जोरात हसू आलं की भिंत धरते, सोसायटीच्या कार्यक्रमात दोरीवरच्या उड्या आल्या की पाय मुरगळल्याचं सांगते. नवऱ्यालाही माहीत नाही. एकाच घरात, एकाच न्हाणीघरात दोघी वावरत होतो. घरातला डाग बघून मला कुत्री आठवली, स्वतःची आठवण आली नाही.

घरी आल्यावर मुलगी चपला काढायच्या आधी बाल्कनीकडे गेली, दार उघडलं आणि गोणीच्या मानेत तोंड खुपसून बसली. मग तशीच बसून म्हणाली, "आत्या, तू तिला म्हणालीस, लाज नाही वाटत."

पडद्यातून सगळं ऐकू येतं, हे माझ्या लक्षात यायला हवं होतं. ताई खुर्चीच्या पाठीला धरून उभ्या होत्या. नंतर मुलगी त्यांच्याशी बोलेना. ताट वाढलं की आपलं उचलून खोलीत न्यायची. मी तिला दटावायला गेले आणि दारातूनच परत फिरले. कोणत्या तोंडाने दटावणार? गोणीला बाल्कनीत मी काढलं होतं.

बैठकीच्या दिवशी मी ताईंना म्हटलं, तुम्ही जाऊ नका, अजून अशक्तपणा आहे. चष्मेवाल्यांना मी परस्पर सांगते की प्राण्यांच्या डॉक्टरांचं निदान चुकलं, गोणीला साधा संसर्ग होता, बरा झाला. असं बोलताना मला वाटत होतं की मी त्यांची लाज राखतेय. खरं सांगायचं तर मला इमारतीची भीती वाटत होती. लिफ्टमध्ये लोक काय बघतील, आमच्या खुर्चीवर बसताना पाहुणे काय करतील, मुलीच्या मैत्रिणींच्या आया काय बोलतील. हे सगळं माझं कपड्यांच्या घड्या घालता घालता मनात मांडून झालं होतं.

"म्हणजे डाग गोणीचाच राहिला," ताई म्हणाल्या.

"बरी झाली म्हणायचं. कुणाला काय कळणार?"

"तुझ्या पोरीला कळलंय ना."

त्या निघाल्या. मुलगी त्यांच्या मागून निघाली, मग मीही निघाले.

गॅरेजमध्ये प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या, काही लोक पालथ्या डब्यांवर बसले होते. ताई आजारी होत्या म्हणून कुणीतरी त्यांना गादीची खुर्ची आणून दिली. त्या बसल्या नाहीत. नेहमीसारख्या खांबाला एक हात लावून उभ्या राहिल्या. आधी चष्मेवाले बोलले. स्वतःच्या कुत्र्याबद्दल सांगितलं, तो जिन्याच्या पहिल्या पायरीशी उभा राहून वर कसा बघत बसतो ते सांगितलं. मग म्हणाले, कंडक्टरबाईंच्या गोणीचं तर तुम्ही ऐकलंच असेल.

ताईंनी खांबावर बोटाने टकटक केलं. "गोणीचं नाव यातून काढा."

"ताई, तुम्हीच सांगा म्हणाला होतात."

"म्हणाले होते, चुकले. घरात ओलं मी करत होते. तिच्या गोळ्या मी खाल्ल्या. कुत्रीला काही नाही."

कुणी हसलं असतं तर बरं झालं असतं. कुणी हसलं नाही. प्राण्यांचे डॉक्टर आपल्या बुटांकडे बघत होते. माझ्या शेजारच्या बाईने मांडीवरची पर्स उगाच उघडली आणि बंद केली. दोघा-तिघांचे डोळे त्या गादीच्या खुर्चीकडे गेले आणि पटकन तिथून निघाले. ते ताईंनी पाहिलं. मग माझी मान इतकी खाली गेली की मला फक्त माझ्या मुलीचे पाय दिसत होते, आणि ते पाय ताईंच्या दिशेने एक पाऊल सरकले.

चष्मेवाल्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. ते म्हणाले, आज मत नको घ्यायला, पुढच्या वेळी बघू.

"का?" ताईंनी विचारलं. "तुमच्या कुत्र्याचे गुडघे बरे झाले?"

"नाही."

"मग घ्या मतं."

मतं घेतली. मोठ्या चणीच्या पिल्लांचं ऑपरेशन वाढ पुरी होईपर्यंत थांबवायचं असं ठरलं, बाकीच्यांना जुनाच नियम. ताईंनी विरोधात हात वर केला, त्यांच्या बाजूने आणखी दोनच हात होते. प्राण्यांचे डॉक्टर एवढंच म्हणाले की गोणीबाबत आपला अंदाज चुकला, पण असं होतच नाही असं काही नाही, होतं काहींना. ताईंनी मान हलवली. हरल्याचं त्यांना वाईट वाटत होतं का, हे त्यांच्याकडे बघून कळत नव्हतं. निघताना त्यांनी विचारलं, थांबवलेल्या पिल्लांच्या घरी दर महिन्याला जाऊन बघणार कोण? जो तो आपली खुर्ची उचलायला लागला. मग त्याच म्हणाल्या, मी जाईन, वचनावर कोण विसंबणार.

पुढच्या आठवड्यात बायकांच्या डॉक्टरांकडे गेलो. मी सोबत म्हणून. टेबलामागच्या नर्सने विचारलं, पेशंट कोण? मी ताईंकडे हात केला. नर्सने लिहून घेतलं आणि पुढच्या बाईकडे वळली. ताई बाकावर थोड्या सरकल्या आणि मला बसायला जागा केली. माझंही त्यांना केव्हाचं ठाऊक असणार. मी पुन्हा उठले, टेबलावर वाकले आणि म्हटलं, "मीसुद्धा." ते इतक्या हळू म्हटलं की नर्सला दोनदा विचारावं लागलं. समोरच्या बाकावर कुणाचा तरी नवरा वर्तमानपत्र वाचत बसला होता.

आता दोघींना व्यायाम दिलेत. ताईंना पाणी प्यायला सांगितलंय, भरपूर. पिल्लांच्या घरी जातात तेव्हा तुमचं बाथरूम कुठे आहे असं विचारायचं, हे मी त्यांना पढवून पाठवते. परवा घाईघाईने घरी आल्या आणि सरळ आत गेल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, दार पुरुषमाणसाने उघडलं, नाही विचारवलं.

हे लिहितेय तेव्हा घरात सगळे झोपलेत. मुलीचा श्वास मी जाऊन ऐकून आले, बरा आहे. ती आत्याशी बोलायला लागली आहे, पण पहिल्यासारखी नाही, जरा बेताने. गोणी पुन्हा आत आली आहे. बाल्कनीचं दार दिवसभर उघडं असतं. तरी ती दिवाणावर चढत नाही. आज दुपारी ताई आडव्या झाल्या आणि त्यांनी बाजूला सरकून चादरीवर थाप मारली.

"ये वर. जागा आहे."

गोणीने पुढचा एक पाय उचलला, दिवाणाच्या कडेवर ठेवला, माझ्याकडे बघितलं आणि तो खाली घेतला. ताईंनी पुन्हा थाप मारली. मीही ये म्हटलं, मुलीनेही म्हटलं. गोणी भिंतीशी जाऊन बसली, तोंड तिकडे करून.

मग ताई उठल्या. उशी घेतली, गुडघ्यांवर हात देत देत खाली बसल्या आणि भिंतीजवळ, गोणीच्या पाठीमागे, फरशीवर आडव्या झाल्या. मुलगी बराच वेळ दारात उभी होती. शेवटी आत जाऊन तिने स्वतःची चादर आणली आणि दोघींच्या अंगावर टाकली.